शस्त्र, विश्वास आणि अवधी

दिल्लीत मंडी हाऊसच्या चौकातून इंडिया गेटकडे जाणाऱ्या रस्त्याला कोपर्निकस मार्ग म्हणतात. कमानी सभागृह, दूरदर्शनचे मुख्यालय, जुने महाराष्ट्र सदन, बडोदा हाऊस अशा वास्तू या परिसरात आहेत आणि साहित्य, संगीत-नाटक व ललित कला यांच्या राष्ट्रीय अकादम्यांचे रवींद्र भवनही त्याच चौकापाशी उभे आहे. नाटकाच्या प्रयोगाला निघालेले रसिक आणि महाराष्ट्रातून कामानिमित्त राजधानीत आलेली माणसे या रस्त्याने नेहमी जातात-येतात. इंग्रजी अमदानीत हाच रस्ता लिटन रोड म्हणून ओळखला जात असे, हे मात्र त्यांच्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. लॉर्ड लिटन १८७६ ते १८८० या काळात हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. त्यांच्या कारकिर्दीत, १८७८ या एकाच वर्षी, दोन कायदे झाले. एका कायद्याने देशी भाषांतील वृत्तपत्रांच्या तोंडाला कुलूप घातले आणि दुसऱ्याने हिंदी प्रजेला सरकारी परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्यास मनाई केली. देशी भाषेतील लेखणी आणि देशी माणसाच्या हातातील शस्त्र, या दोहोंचा सरकारला सारखाच संशय होता.

लेखणीवरचा कायदा फार दिवस टिकला नाही. लॉर्ड रिपन यांच्या कारकिर्दीत तो रद्द झाला. शस्त्रांचा कायदा मात्र स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे अमलात होता. १९५९ साली संसदेने नवा शस्त्र कायदा केला, तो १९६२ मध्ये लागू झाला, आणि परवान्याचे तत्त्व या नव्या कायद्यानेही कायम ठेवले. परक्या राज्यकर्त्यांनी ज्या तत्त्वाने प्रजेला निःशस्त्र केले, तेच तत्त्व स्वतंत्र नागरिकांनी स्वतःसाठी स्वीकारावे, यात विसंगती आहे काय, असा प्रश्न येथे उभा राहतो. अमेरिकेत बंदुकांच्या विक्रीवरून आणि त्यांच्या नियंत्रणावरून पिढ्यान्‌पिढ्या जो वाद चालू आहे, त्याच्या मुळाशीही हाच प्रश्न आहे. नागरिकाच्या हातात शस्त्र असणे हे त्याच्या स्वातंत्र्याचे लक्षण मानावे, की ते खाली ठेवण्याची त्याची तयारी हे नागरिकत्वाचे लक्षण मानावे?

१८७८ च्या कायद्यातील अन्याय केवळ परवान्यात नव्हता. युरोपीय लोकांना त्या कायद्यातून सूट होती. बंधन होते ते हिंदी माणसावर. त्याआधी सातच वर्षे, १८७१ साली, याच सरकारने काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविणारा कायदा केला होता. दोन्ही कायद्यांमागची मनोवृत्ती एकच होती. माणसाने काय केले हे न पाहता तो कोण आहे यावरून त्याच्याविषयी निर्णय करावयाचा, ही ती मनोवृत्ती. म्हणूनच १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने शस्त्र कायदा सौम्य करण्याची मागणी केली, तेव्हा त्या मागणीत बंदुकीच्या हौसेपेक्षा मानभंगाची वेदना अधिक होती.

१९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीचा प्रचार करताना गांधीजींनीही हीच वेदना बोलून दाखविली. इंग्रजी राज्याच्या दुष्कृत्यांत साऱ्या राष्ट्राला निःशस्त्र करणारा कायदा इतिहास सर्वांत काळा मानील, अशा आशयाचे त्यांचे उद्गार त्यांच्या आत्मकथेत नमूद आहेत. अहिंसेच्या पुरस्कर्त्याचे हे शब्द अमेरिकेतील शस्त्रस्वातंत्र्याचे कैवारी आजही मोठ्या उत्साहाने उद्‌धृत करतात. ते कोणत्या प्रसंगी उच्चारले गेले, हे मात्र बहुधा सांगितले जात नाही. परकी सत्ता ज्यांच्यावर विश्वास ठेवीत नाही त्यांनी आपली पात्रता सिद्ध करावी, म्हणजे तो कायदा रद्द करून घेता येईल, हा त्या प्रचाराचा रोख होता. गांधीजींची तक्रार बंदुकीच्या अभावाची नव्हती, अविश्वासाची होती.

अमेरिकेची घडण मुळातच निराळी आहे. तेथील घटनेची दुसरी दुरुस्ती १७९१ साली झाली. तिच्या एकाच वाक्यात सुनियंत्रित नागरी सेनेची आवश्यकता आणि शस्त्र बाळगण्याचा लोकांचा हक्क या दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत. त्यांतील कोणत्या भागाला प्राधान्य द्यावयाचे, यावर दोन शतके वाद झाला. २००८ साली हेलर खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा बहुमताने निर्णय दिला, की घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक बाळगणे हा व्यक्तीचा हक्क आहे. मात्र तो अमर्याद नाही, हेही त्याच निकालात म्हटले आहे. २०२२ च्या ब्रुएन खटल्यात या हक्काची व्याप्ती घराबाहेरही मान्य झाली. स्मॉल आर्म्स सर्व्हे या संस्थेच्या २०१८ मधील अंदाजानुसार अमेरिकेतील नागरिकांजवळ सुमारे ३९ कोटी बंदुका होत्या. देशाच्या लोकसंख्येपेक्षाही ही संख्या मोठी आहे. परवानाधारक दुकानदाराला विक्रीपूर्वी ग्राहकाची पार्श्वभूमी तपासावी लागते. परंतु खासगी व्यक्तींमधील विक्रीला हे बंधन अनेक राज्यांत नाही.

या हक्काच्या समर्थकांचे म्हणणे पोरकट समजून सोडून देता येत नाही. त्यांचे म्हणणे असे, की संकट दाराशी येते तेव्हा पोलीस दूर असतात, आणि सत्ता जुलमी झाली तर निःशस्त्र प्रजेजवळ विनवणीखेरीज काही उरत नाही. त्यांच्या युक्तिवादाला तेथील न्यायशास्त्राचाही आधार मिळतो. खासगी व्यक्तींच्या हिंसेपासून नागरिकाचे रक्षण करण्याचे सर्वसाधारण बंधन घटनेने राज्यावर घातलेले नाही, असे त्याच सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली डीशेनी खटल्यात सांगितले आहे. ज्याच्या रक्षणाची हमी कोणी घेत नाही त्याने आपले रक्षण आपणच करावे, हा निष्कर्ष मग तर्काला धरूनच होतो.

परंतु या तर्कात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. शस्त्र हाती असलेला माणूस शांत, विवेकी आणि स्वतःचे हित जाणणारा असेल, असे मानलेले असते. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने सुमारे ४८,८०० माणसे मेली आणि त्यांतील निम्म्याहून अधिक मृत्यू आत्महत्येचे होते. शत्रूसाठी उशाशी ठेवलेली बंदूक बहुतेक वेळा तिच्या मालकावरच उलटली, असा याचा अर्थ होतो. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेली बहुसंख्य माणसे पुढे आत्महत्येने मरत नाहीत, हे या क्षेत्रातील अभ्यासकांनी वारंवार नोंदविले आहे. बंदूक मात्र अशा प्रयत्नातून क्वचितच कोणाला वाचू देते. मरणाची इच्छा पुष्कळदा काही तासांची असते. बंदुकीपाशी तेवढे तास थांबण्याची सोय नसते. क्रोधाचेही असेच आहे. विचार आणि कृती यांच्या मधला जो अवधी माणसाला माणूस ठेवतो, तो अवधीच बंदूक नाहीसा करते. १९९३ साली अमेरिकेत संमत झालेल्या ब्रेडी कायद्याने पिस्तुलाच्या खरेदीत पाच दिवसांची प्रतीक्षा घातली होती, ती याच जाणिवेने. तत्काळ पार्श्वभूमी तपासणारी यंत्रणा १९९८ साली सुरू झाल्यावर मध्यवर्ती कायद्यातील ही प्रतीक्षा संपुष्टात आली. तपासणी वेगवान झाली हे खरे, परंतु खरेदी करणाऱ्याच्या मनाला मिळणारे पाच दिवस गेले.

या अवधीचे मोल काय, आणि तो मिळूनही वाया कसा जातो, याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण मात्र अमेरिकेत शोधावे लागत नाही. ते दिल्लीतच घडले आणि त्यात मराठी माणसे गुंतलेली होती.

३० जानेवारी १९३० च्या ‘यंग इंडिया’च्या अंकात गांधीजींनी सरकारपुढे अकरा मागण्या मांडल्या होत्या. दारूबंदी, शेतसाऱ्यात कपात, मिठावरील कर रद्द करणे या मागण्या सर्वांच्या स्मरणात आहेत. स्वसंरक्षणासाठी शस्त्रांचे परवाने द्यावेत आणि ते लोकनियंत्रणाखाली असावेत, ही अखेरची मागणी सहसा आठवली जात नाही. बारा वर्षांपूर्वीच्या त्यांच्या उद्गारांचा नेमका अर्थ या मागणीत स्पष्ट होतो. त्यांना नियंत्रण अमान्य नव्हते. नियंत्रण कोणाचे, हा त्यांचा प्रश्न होता. पुढच्या वर्षी कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावातही शस्त्र बाळगण्याचा हक्क नियमांच्या अधीन राहून मान्य करण्यात आला.

त्या मागण्यांना बरोबर १८ वर्षे झाली त्याच तारखेला, ३० जानेवारी १९४८ रोजी, बिर्ला भवनाच्या हिरवळीवर नथुराम गोडसे याने गांधीजींवर तीन गोळ्या झाडल्या. त्या दिवशी १८७८ चा कायदा अमलात होता. परवान्याशिवाय पिस्तूल बाळगणे हा गुन्हा होता आणि तरीही ते पिस्तूल प्रार्थनासभेपर्यंत पोहोचले. कायद्याने हत्या टळत नाही, असे म्हणणाऱ्यांना याहून मोठा दाखला मिळणार नाही. परंतु खटल्यात आणि पुढील चौकशीत जे उघड झाले ते बारकाईने पाहिले, तर चित्र बदलते. पुण्यात दिगंबर बडगे याचे शस्त्रभांडार होते. तेथे सुरे-खंजीर उघडपणे विकले जात आणि स्फोटके व पिस्तुलांचा व्यवहार आडून चाले. हा बडगेच पुढे माफीचा साक्षीदार झाला. २० जानेवारीच्या पहिल्या कटासाठी जी हत्यारे जमविली होती त्यांत भरवशाचे पिस्तूल नव्हते. तो प्रयत्न फसला. त्यानंतर चांगल्या पिस्तुलासाठी मारेकऱ्यांना वणवण करावी लागली आणि अखेर ग्वाल्हेरमध्ये इटालियन बनावटीचे बेरेटा पिस्तूल त्यांच्या हाती आले. पहिल्या प्रयत्नात आणि दुसऱ्यात दहा दिवसांचे अंतर पडले. शस्त्र सहज मिळत नव्हते, हे त्या अंतराचे एक कारण होते.

त्या दहा दिवसांचे काय झाले? २० जानेवारीलाच मदनलाल पाहवा हा आरोपी जागेवर पकडला गेला होता. त्याच्या जबानीतून पुण्याच्या एका वृत्तपत्राच्या संपादकापर्यंत पोहोचणारा धागा मिळाला होता. तो धागा दिल्ली आणि मुंबई येथील पोलिसांनी वेळीच का ओढला नाही, याची चिकित्सा न्यायमूर्ती कपूर यांच्या आयोगाने १९६६ ते १९६९ या काळात केली आणि पोलिसांच्या ढिलाईवर बोट ठेवले. प्रार्थनेला येणाऱ्यांची झडती घ्यावी, ही सूचना खुद्द गांधीजींनी नाकारली होती. ज्यांच्यासमोर प्रार्थना करावयाची त्यांच्यावर संशय धरणे त्यांना मान्य नव्हते. तो त्यांचा अधिकार होता. राज्याला मात्र तसा अधिकार नव्हता. आपल्या जिवाचा धोका पत्करून दुसऱ्यावर विश्वास टाकणे हा एका व्यक्तीचा धर्म होऊ शकतो. दुसऱ्याचा जीव धोक्यात असताना स्वस्थ बसणे हा कोणत्याही राज्याचा धर्म होऊ शकत नाही. कायद्याने दहा दिवस मिळवून दिले होते. ते कारणी लावण्याचे काम कायद्याचे नव्हते, तो राबविणाऱ्यांचे होते.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात दिल्लीतच संविधान सभेत या प्रश्नाचा ऊहापोह झाला. मध्यप्रांत-वऱ्हाडचे प्रतिनिधी हरि विष्णु कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत समाविष्ट करावा, अशी दुरुस्ती मांडली. कराचीच्या ठरावाची परंपरा त्यांच्या बाजूने होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती दुरुस्ती स्वीकारली नाही. प्रत्येकाला बाजारात जाऊन आक्रमणाची साधने विनाअडथळा विकत घेण्याचा हक्क असेल, तर राज्याचा कारभार कसा चालावा, हा त्यांचा एक आक्षेप होता. त्यांचा दुसरा मुद्दा अधिक खोल आहे. शस्त्र धारण करण्याच्या हक्कापेक्षा शस्त्र धारण करण्याच्या कर्तव्यावर भर द्यावयास हवा, असे ते म्हणाले. देश संकटात असेल तेव्हा राज्याने नागरिकाला शस्त्र हाती घेण्यास बोलवावे, ही तरतूद त्यांना पुरेशी वाटली.

अखेर संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदात शस्त्राचा उल्लेख आला, तो त्याच्या अभावाच्या रूपाने. नागरिकांना शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क मिळाला. अमेरिकेची दुसरी दुरुस्ती आणि हा उपखंड शेजारी ठेवून वाचले, तर दोन लोकशाह्यांच्या कल्पनेतील नागरिक डोळ्यांपुढे उभे राहतात. एक आपल्या घराच्या दारात बंदूक घेऊन उभा आहे. दुसरा रिकाम्या हातांनी इतरांमध्ये जाऊन बसला आहे. दुसऱ्या नागरिकाने मोठी जोखीम पत्करली आहे, हे विसरता कामा नये. त्याने हात रिकामे ठेवले ते कोणीतरी त्याचे रक्षण करील या भरवशावर. तो भरवसा म्हणजे राज्याच्या डोक्यावरचे ऋण होय.

हे ऋण कितपत फेडले गेले? स्वतंत्र भारतात परवाना हा पुष्कळदा गरजेपेक्षा प्रतिष्ठेचा पुरावा होऊन बसला. बंदूक लटकवून मिरविण्यात आणि लग्नाच्या वरातीत गोळीबार करण्यात अनेकांना मोठेपणा वाटू लागला. २०१९ च्या दुरुस्तीत संसदेला अशा गोळीबारासाठी स्वतंत्र शिक्षा सांगावी लागली. १९९९ च्या एप्रिलअखेरीस दिल्लीतील एका मेजवानीत मद्य देण्यास नकार मिळाला म्हणून जेसिका लाल या तरुणीवर गोळी झाडण्यात आली, ती एका वजनदार घराण्यातील तरुणाने. २००६ च्या फेब्रुवारीत कनिष्ठ न्यायालयाने सर्व आरोपींना सोडून दिले. देशभर उसळलेल्या संतापानंतर त्याच वर्षी उच्च न्यायालयाने त्या तरुणाला दोषी ठरविले. परवान्याच्या पद्धतीत सत्तेचा आणि पैशाचा शिरकाव झाला, की सामान्य माणूस निःशस्त्र राहतो आणि बलवान सशस्त्र होतो. लिटनच्या कायद्यातील पक्षपात मग नव्या वेषात परत येतो.

हा पक्षपात अमेरिकेतही अनोळखी नाही. १९६७ साली कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथर पक्षाचे कृष्णवर्णीय तरुण कायद्याने मिळालेल्या मुभेनुसार उघडपणे बंदुका घेऊन फिरू लागले, तेव्हा तेथील विधिमंडळाने घाईने ती मुभाच काढून घेतली. शस्त्राचा हक्क सर्वांचा म्हणून सांगितला जातो. तो दुबळ्याने वापरावयास घेतला की राज्याला सुव्यवस्थेची आठवण होते. १९७२ साली मुंबईत दलित पँथरने नाव त्या चळवळीकडून घेतले, बंदूक घेतली नाही. नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाती घेतली ती लेखणी, आणि रस्त्यावर उतरविली ती माणसे. लिटनने ज्या दोन गोष्टींचा धसका घेतला होता त्यांपैकी एकीवर त्यांनी भिस्त ठेवली, आणि मराठी साहित्याचा नकाशा तिने बदलून टाकला.

तथापि दुबळ्यांनी केवळ शब्दांवर विसंबावे, असा उपदेश करण्याचा अधिकार सुरक्षित माणसाला नाही. अनुसूचित जाती व जमातींवरील अत्याचारांना प्रतिबंध करणारा कायदा १९८९ साली झाला आणि त्याखालील नियम १९९५ साली आले. त्या नियमांत एक विलक्षण तरतूद आहे. अत्याचारांचा धोका असलेल्या भागात इतरांचे शस्त्रपरवाने रद्द करावेत आणि आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना परवाने द्यावेत, असे ती सांगते. राज्याने दिलेली ही लेखी कबुली आहे. आपण कदाचित वेळेवर पोहोचणार नाही, हे ती मान्य करते. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत एका दलित कुटुंबातील चौघांची जमावाने हत्या केली, तेव्हा त्या भीतीचे प्रत्यक्ष रूप महाराष्ट्राने पाहिले. घरात एखादी बंदूक असती तर ते चौघे वाचले असते काय, असा प्रश्न मनात येतो आणि त्याला प्रामाणिक उत्तर देणे सोपे नाही. परंतु ज्या गावात जमीन, मजुरी, पंचायत आणि पोलीसठाण्यापर्यंतची वाट ही सारी दुसऱ्यांच्या ताब्यात आहे, तेथे एका बंदुकीने फार तर एक रात्र निभावते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गावात जगावयाचे असते.

२४ मे २०२२ रोजी टेक्सासमधील युव्हाल्डी येथे एका शाळेत १९ मुले आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. हल्लेखोर नुकताच १८ वर्षांचा झाला होता आणि त्याने बंदुका कायदेशीरपणे विकत घेतल्या होत्या. त्या वर्गाबाहेर सशस्त्र पोलीस उभे होते आणि आत शिरावयास त्यांना ७७ मिनिटे लागली. शस्त्रांची तेथे वाण नव्हती. हल्लेखोराजवळ ती होती आणि रक्षकांजवळही होती. युव्हाल्डीची ७७ मिनिटे आणि दिल्लीचे १९४८ मधील दहा दिवस ज्या शून्यात गेले ते एकच आहे. ज्यांनी हातात आलेला वेळ दुसऱ्याच्या जिवासाठी वापरावयाचा, त्यांनी तो वापरला नाही.

म्हणून शस्त्रनियंत्रणाचा विचार केवळ बंदी आणि मुभा या दोन शब्दांत पुरा होत नाही. चांगला शस्त्र कायदा हत्येचा संकल्प नाहीसा करू शकत नाही. संकल्प आणि आघात यांच्यामध्ये तो काही तास, काही दिवस मिळवून देतो, आणि त्यासाठी तो आवश्यकच आहे. विक्रीवर नजर, खरेदीपूर्वी प्रतीक्षा, घरगुती हिंसेच्या आरोपीकडून शस्त्र काढून घेणे या साऱ्या उपायांचे समर्थन याच भूमिकेवर करता येते. परंतु असा कायदा करणारे राज्य नागरिकाकडून काहीतरी उसने घेत असते. मिळालेल्या त्या वेळात पोलिसाने धावून जावे, न्यायालयाने दुबळ्याचे ऐकावे, शेजाऱ्याने दार उघडावे, हा त्या उसनवारीचा करार आहे. तो पाळला गेला नाही, तर शस्त्र कायद्याचे शब्द तेच राहतात आणि त्याचा अर्थ पुन्हा १८७८ चा होतो.

लिटन रोडवरील नावाची पाटी केव्हाच बदलली आहे. त्याच वर्षी ज्या देशी भाषांचा संशय धरला गेला, त्या भाषांची पुस्तके या चौकात छापली जातात, वाचली जातात. लेखणीच्या बाबतीत अविश्वासाची जागा विश्वासाने घेतली, ती येथील माणसांनी दीर्घकाळ किंमत मोजल्यानंतर. शस्त्र खाली ठेवलेल्या माणसाच्या बाबतीत तसे झाले आहे काय, याचे उत्तर कोपर्निकस मार्गावर मिळणार नाही. ते भंडाऱ्याच्या एखाद्या गावात, रात्री मदतीसाठी हाक मारणाऱ्या माणसापर्यंत पोलिसांची गाडी किती वेळात पोहोचते, यावरून ठरेल.